मशीनपाशी माणूस

१

रहमत मिस्त्री इंजिनला हात लावायच्या आधी त्याचा धूर पाहायचा. डॉक्टर आधी जीभ दाखवा म्हणतात, तसंच हे. काळा निघाला की पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर हवेची जाळी बुजलीय. निळसर निघाला की ऑईल जळतंय. पांढरा निघाला की कुठंतरी पाणी शिरलंय. आर्णीच्या बसस्टँडमागच्या त्याच्या टपरीवर लोक मोटारसायकली आणि फवारणीचे पंप घेऊन यायचे आणि आल्या आल्या स्वतःच रोगाचं नाव सांगायचे. रहमत त्यांना गप्प बसवायचा. "तुमी थांबा भाऊ, त्याले बोलू द्या," म्हणायचा आणि दोरी ओढायचा.

त्या दिवशी सकाळी संजय त्याला न्यायला आला. आदल्या संध्याकाळी अवकाळीनं सगळ्या भागाला झोडपून काढलं होतं. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे टॉवर मुके आणि एकाच्या घरावरचे पत्रे दुसऱ्याच्या वावरात. संजयचं गाव घाटंजीच्या अंगाला आत होतं. तिथं त्याचा शेजारी श्रावण ऑक्सिजनच्या मशीनवर पडून होता. त्याची फुप्फुसं पार कामातून गेली होती. लाईन गेल्यापासून घरच्यांनी सिलिंडरवर भागवलं, पण तोही आता तळाला लागला होता. नाल्यापाशी रस्त्यावर भलामोठा कडुनिंब पडला होता, त्यामुळे अॅम्ब्युलन्स आत येईना. मोटारसायकल तेवढी वावरातून निघत होती. श्रावणच्या घरी एक जुना जनरेटर होता. तो चालू झाला तर माणूस वाचेल, असा सगळा मामला.

"कधीपासून बंद हाय?" रहमतनं विचारलं.

"त्यायनं धंदा बंद केला तवापासून. वर्सं झाले."

वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन म्हणजे रुसलेला जावई, मानपान केल्याशिवाय उठत नाही. रहमतनं पाने, ऑईलचा डबा आणि पेट्रोलची बाटली पिशवीत घातली. बायकोनं, रौशननं, भाकर खाऊन जा म्हणून हाक मारली, तर दुपारी येतोच म्हणाला आणि संजयच्या मागे बसला.

२

श्रावणची एकेकाळी पंचक्रोशीत मोठी बिछायत होती. लग्नाचे मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भोंगे, सगळं तो भाड्यानं द्यायचा. आता खाटेवर उरला होता तो नुसता सांगाडा. नाकात नळी होती आणि छातीचा भाता वरखाली होत होता. पायाशी त्याची बहीण नलू बसली होती. बायको शीला सिलिंडरच्या काट्याकडे पाहत उभी होती, जणू नजरेनं तो धरून ठेवता येईल.

रहमतला पाहून तिनं हात जोडले. "जय भीम, भाऊ. लवकर पाहा. आता याच्यात काही नाही राह्यलं."

ऑक्सिजनची मशीन खाटेजवळ मुकी पडली होती. करंट मिळाला की ती हवेतून ऑक्सिजन काढायची. तिच्याविना श्रावणला दोन घोट पाणी पिण्याइतका वेळसुद्धा निघायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. शीलानं हे सगळं न रडता सांगितलं. रडायला सवड असायला लागते, ती तिच्याकडे नव्हती.

रहमत वळला तसा श्रावणनं हात उचलला. नाकातली नळी बाजूला केली आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "मशीनपाशी माणूस बसवा. एकटी नका ठेवू."

नलूनं नळी पुन्हा नीट केली. शीला रहमतला अंगणात घेऊन आली आणि म्हणाली, मनावर घेऊ नका, त्यांचं ते जुनंच पालुपद आहे. बिछायतीत रीतच तशी होती. चालू जनरेटर एकटा सोडायचा नाही. लग्नात त्याची घरघर मंगलाष्टकांच्या, नाहीतर बुद्धवंदनेच्या आड येऊ नये म्हणून तो लांबच्या खोलीत ठेवायचा, एक माणूस त्याच्यापाशी बसवायचा आणि बाहेरून कडी घालायची. वऱ्हाडी पिऊन येतात, तारांना हात लावतात, म्हणून कडी. हे काम रामधन नावाचा त्यांचा माणूस करायचा.

"तो कुठी हाय आता?"

"गेला," शीला म्हणाली, आणि किल्ली आणायला आत गेली.

३

अंगणाच्या पलीकडे बिछायतीची खोली होती. विटांच्या भिंती, वर स्लॅब आणि पत्र्याचं दार. मागच्या भिंतीत छताजवळ पुस्तकाएवढा झरोका, त्याला जाळी. आत सतरंज्यांचे गठ्ठे, लोखंडी पाइप आणि नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या प्लास्टिक पांघरून बसल्या होत्या. दाराला आतली कडी कधीतरी होती, आता नुसती खिळ्यांची भोकं होती. जनरेटर कोपऱ्यात होता, दोन माणसांनी उचलावा एवढा, वर धुळीची साय.

संजयनं आणि रहमतनं तो अंगणात काढला. मग संजय ट्रॅक्टर आणि साखळदंड बघायला नाल्याकडे गेला.

रहमतनं मानपान सुरू केले. जुनं पेट्रोल काढून टाकलं, त्याची पार चिकट काकवी झाली होती. हवेच्या जाळीत उंदरानं घर केलं होतं, ते उपटलं. प्लग घासला, कार्बोरेटर खोलून बारीक तारेनं छिद्रं मोकळी केली. ऑईल पाहिलं तर हद्दीच्या वर भरलेलं होतं. कोणी शहाण्यानं ओतून ठेवलं होतं कोण जाणे. जास्तीचं काढलं. दोरीला हिसके मारून मारून खांदा भरून आला तेव्हा कुठं इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. शीलानं छातीवर हात ठेवला.

आणि धूर निघाला. निळा नाही, पांढरा नाही, काळा नाही. राखेच्या पाण्यासारखा, जड, जमिनीलगत सरकणारा. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळतंय, जरा वेळानं बसेल, असं रहमतनं स्वतःला सांगितलं. पण कानाला दुसरंच काही लागलं होतं. इंजिनाच्या धडधडीखाली एक ठोका होता. ठक, ठक. मग जरा थांबून पुन्हा ठक.

रॉड ठोकतोय. जुन्या इंजिनांत हे असतंच. रहमतनं इंजिन मंद केलं. इंजिनातला ठोका इंजिनाबरोबर मंदावतो, हे शेंबडं पोरही सांगेल. हा मंदावला नाही. वेग वाढवला, तर वाढलाही नाही. आपल्याच चालीनं येत राहिला. रहमतनं भुवया आक्रसल्या आणि इंजिन बंद केलं.

इंजिन थांबलं. अंगण गप्प झालं. आणि त्या शांततेत आणखी दोन ठोके पडले.

रहमतनं वर पाहिलं. ऊन मी म्हणत होतं आणि खोलीचं पत्र्याचं दार तापून निघालं होतं. पत्रा तापला की वाजतो. खोलीत कोणी नव्हतं, दार सताड उघडं होतं, आतल्या खुर्च्यासुद्धा दिसत होत्या. "पत्रा हाय," तो मोठ्यानं म्हणाला. शीलानं काही विचारलं नव्हतं.

४

पण अडचण वेगळीच आली. दुसऱ्यांदा चालू केला तेव्हा वाऱ्यानं तो राखाडी धूर उचलला आणि सरळ घरात नेला. आतून नलूची हाक आली. श्रावण खोकत होता, आणि ते खोकणं माणसाचं वाटत नव्हतं. ओठ जांभळे पडले होते. जगवायला चालू केलेली मशीनच त्याचा जीव घ्यायला निघाली होती, आगीतून फुफाट्यात.

लांब न्यावा तर वायर नव्हती. उंदरांनी कुरतडून जेवढी ठेवली तेवढीच. ती खोलीपर्यंतच पोचत होती. मग शीलाच्या मदतीनं तो पुन्हा खोलीत नेला, पार मागच्या भिंतीशी, सायलेन्सरचं तोंड झरोक्याकडे करून. वायर दाराखालच्या फटीतून घराकडे सोडली. दुसऱ्या सॉकेटला रहमतनं एक बल्ब टांगला. करंट कमी-जास्त झाला की बल्ब आधी सांगतो, ही त्याची सवय.

श्रावणची मशीन चालू झाली. अंगणातून तिचा आवाज यायचा, घुर्र आणि फुस्स, घुर्र आणि फुस्स. शीला दारात येऊन काही बोलायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. रहमतनं मान फिरवली. बरं वाटलं त्याला, मनापासून बरं वाटलं. पैशात न मोजता येणारं काम रोज हाताला लागत नाही.

पण इंजिन एका चालीनं चालेना. चढायचं, पडायचं, आणि पडलं की बल्ब लाल व्हायचा आणि घरात मशीन टीं टीं करायची. तापेपर्यंत कोणीतरी बोटानं त्याचा वेग सांभाळायला हवा होता. आणि उघड्या दारातून धूर अजून अंगणात येत होता. रहमतला सगळं ठाऊक होतं. बंद खोलीत इंजिन चालवायचं नसतं. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, माणसाला झोप येते आणि झोपेतच तो जातो. तो टपरीवर येईल त्याला हे बजावायचा. पण झरोका ओढत होता, धूर तिकडे जाताना डोळ्यांना दिसत होता. आणि पलीकडे ते खोकणं.

"दार थोडं लोटून घ्या वहिनी," तो म्हणाला. "इंजिन लायनीवर आलं की आवाज देतो. मंग उघडा."

त्यानं रुमाल ओला करून नाकाला बांधला. शीलानं दार लोटलं. वाऱ्यानं ते परत उघडलं. तिनं पुन्हा लोटलं, आणि या वेळी ते उघडलं नाही. बाहेर कडी पडल्याचा आवाज झालाच असेल, पण इंजिनाच्या धडधडीत रहमतला तो आला नाही.

५

थोड्या वेळानं इंजिन सुरळीत झालं. बल्ब लख्ख, एकसारखा. रहमतनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग दाराशी जाऊन ढकललं, तेव्हा त्याला कडी कळली.

घाबरायचं काही नव्हतं. बाई दार धरून किती वेळ उभी राहणार, वाऱ्यानं उघडतंय म्हणून कडी घातली. त्यानं पत्र्यावर मुठीनं ठोकलं. या खोलीत इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होता, स्वतःची हाक त्यालाच नीट ऐकू येईना. बाहेर काय जाणार? ठोकून हात दुखला तेव्हा तो थांबला.

ठोके थांबले नाहीत.

ठक, ठक. मग जरा थांबून ठक. इंजिनातून नाही. दारावर, आतल्या बाजूनं, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर. ठोका पडला की पत्रा तिथं थरथरायचा आणि त्यावरची धूळ झडायची. तिथं कोणी नव्हतं.

रहमत मागे सरकला तो सतरंज्यांच्या गठ्ठ्याला अडखळून बसलाच. त्याची पाचावर धारण बसली. तोंडानं कुराणातली आयतुल कुर्सी सुरू झाली आणि मध्येच ओळी सापडेनात. मग त्यानं मिस्त्रीसारखा विचार करायचं ठरवलं, कारण दुसरा कसला विचार त्याला येत नव्हता. इंजिन जमिनीवर थरथरतं. जमीन दाराची चौकट हलवते. सैल पत्रा वाजतो. झालं. त्याचं डोकं दुखत होतं, कानशिलांत कोणी पाना आवळल्यासारखं. म्हणजे धूर चढला होता. धूर चढला की माणसाला नाही ते दिसतं.

त्यानं झरोक्याकडे पाहिलं. धूर तिकडे जात नव्हता. छतापाशी पोचून तो खाली वळत होता आणि दाराकडे येत होता, सावकाश, वाट माहीत असल्यासारखा.

आता एकच उपाय होता. इंजिन बंद करायचं. शांत झालं की हाक ऐकू जाईल, शीला दार उघडेल, दोरी ओढून पुन्हा चालू करायचं. पण तापलेलं जुनं इंजिन एका हिसक्यात चालू होईलच असं नाही. अंगणापलीकडे तो माणूस, जांभळ्या ओठांचा. दोन घोट पाणी पिण्याइतका वेळ. रहमतनं स्विचवर बोट ठेवलं आणि काढलं. पुन्हा ठेवलं. आपण इथं आडवे झालो तर इंजिन सांभाळणार कोण, मग तोही जाणार, असा हिशेब त्यानं मांडला. हिशेब खरा होता. तरी बोट दाबताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

६

इंजिन थांबलं. कानांत नुसतं सूं वाजत राहिलं.

"वहिनी! कडी काढा!" तो ओरडला, आणि वळून दोरीची मूठ धरली.

तेव्हा त्याचं लक्ष बल्बकडे गेलं. बल्ब चालू होता, लख्ख, जराही न हलता. आणि दाराखालच्या फटीतून आवाज येत होता, घुर्र आणि फुस्स, घुर्र आणि फुस्स.

रहमतला हसूच फुटलं. लाईन आली. आणि घरात कोणी घाईत वायर मुख्य लाईनला जोडली असेल, तीच इकडे उलटी येतेय. खतरनाक आहे ते, पण आली तर खरी. सगळं संपलं, आता बाहेर जायचं, तोंड धुवायचं. बाहेर पावलं वाजली. शीला दाराशी आली होती.

"वहिनी, लाईन आली काय?"

"नाही आली भाऊ," तिचा आवाज पत्र्याला लागून आला. "तुमच्या मशीनवरच चालू हाय. देव माणूस आहा तुमी. बराबर श्वास घेऊन राह्यले आता."

रहमतनं इंजिनाकडे पाहिलं. चाक स्थिर होतं. त्यानं हात लावला, तो भाजला, पण काही हलत नव्हतं. "मशीन बंद हाय," तो म्हणाला. "मी बंद केली."

"मले तं आवाज येऊन राह्यला," ती म्हणाली.

"कडी काढा वहिनी. मायं डोकं फिरून राह्यलं. काढा लवकर."

कडी किरकिरली. ती वर सरकली तसा बल्ब मंदावला. पिवळा, मग लाल, मग नुसता तापलेल्या तारेचा एक धागा. घरात टीं टीं सुरू झालं आणि नलू किंचाळली की वहिनी, मशीन बंद पडून राह्यली, दादा डोळे फिरवून राह्यला. शीलाचा हात कडीवरून सुटला. कडी जागेवर पडली आणि बल्ब लख्ख झाला.

पत्र्याच्या दोन बाजूंना दोघांचा श्वास चालू होता.

बिघाड एकदा दिसला तर योगायोग, दोनदा दिसला तर रोग. रहमतनं स्वतःच तिला सांगितलं, पुन्हा करून पाहा, हळूच करा. तिनं केलं. कडी केसभर उचलली, बल्ब केसभर उतरला. आणखी उचलली, आणखी उतरला, आणि घरातून नलूचं रडणं आलं. तिनं कडी सोडली.

आणि मग अंगणापलीकडून श्रावण बोलला. दोन शब्दांना ज्याला दम लागत होता, तो आता धंद्यातल्या दिवसांसारखा खणखणीत बोलला. गड्याला हुकूम सोडावा तसा.

"शीला, राहू दे ते दार. माणूस बसला हाय न मशीनपाशी. झालं तं मंग."

७

ती गेली नाही. दाराला पाठ लावून खाली बसली, तसा पत्रा जरासा आत आला. रहमतला तो तिच्या पाठीचा उंचवटा दिसत होता. त्यानं तिला अल्लाची आण घातली, बाबासाहेबांची घातली. रौशन घरी भाकरी झाकून बसली असेल, असं सांगितलं. ती रडत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मले माफ करा भाऊ. संजय येते. तो येते तवा पाहू." रहमतला तिचा इतका राग आला की हाती असती तर मान मुरगळली असती. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की त्या खाटेवर रौशन असती, तर त्यानंही कडीला हात लावला नसता.

धूर गुडघ्यांपर्यंत आला होता. इंजिन बंद, चाक स्थिर, आणि सायलेन्सरमधून तो येतच होता. रहमत जमिनीवर पालथा होऊन दाराखालच्या फटीशी तोंड नेऊ लागला. फट वायरीनं आणि तिच्या लुगड्याच्या काठानं भरली होती. त्यानं मान उचलली, आणि धूर मधेच विरळ झाला.

त्याला पाठ दिसली. दाराशी कोणी गुडघ्यांवर बसलं होतं, बनियन घातलेलं, मानेवर घामानं चिकटलेले केस. एक हात वर पत्र्यावर होता. बोटांची पेरं सोललेली होती. हात सावकाश मागे आला आणि ठोकला, ठक, ठक. मग दमल्यासारखा थांबला. ते डोकं हळूहळू त्याच्याकडे वळायला लागलं आणि रहमतनं डोळे गच्च मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तिथं नुसता धूर होता आणि पत्रा थरथरत होता. रामधन कुठं गेला, ते आता त्याला कळलं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग बाहेर मोटारसायकल आली. संजय. त्याच्या आवाजानं रहमतच्या अंगात कुठून तरी जीव आला. तो दारावर पडला आणि दोन्ही मुठींनी ठोकायला लागला. ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा निघाली.

संजय दुरूनच सांगत होता की झाड ट्रॅक्टरला हलत नाही, आर्णीहून मोठी मशीन आणावी लागेल, उद्याशिवाय होत नाही. मी आर्णीलेच चाललो, मिस्त्रीले संग घेऊन जातो. कुठी हायेत रहमतभाऊ?

शीला उठली. पत्र्यातला उंचवटा सरळ झाला. तिला उत्तर द्यायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात रहमतनं ठोकून ठोकून हाताची सालं काढली.

"आत काई ठोकते हो वहिनी," संजय म्हणाला.

"जुनी मशीन हाय. ते तशीच ठोकते." तिचा आवाज सपाट होता. "मिस्त्री गेले मघाशीच. वावरातून पायीच गेले. चालू करून देल्ली अन् गेले."

घरातून मशीनचा श्वास येत होता, शांत, निरोगी माणसाच्या झोपेसारखा. संजय म्हणाला, बरं झालं, श्रावणकाका वाचले म्हणजे. मग त्यानं किक मारली आणि गाडी पहिल्याच किकला चालू झाली. रहमत तिचा आवाज नाल्याकडे उतरताना ऐकत राहिला. प्लग चांगला होता, टायमिंग बरोबर होतं, काहीही बिघाड नव्हता. आवाज पार गेला तेव्हा त्याच्या शेजारी, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर, कोणीतरी थोडं सरकून जागा केली.